दातखीळ : पेशीच्या दारातील प्रथिनांची गोष्ट

वाचकहो, व्याख्यान देताना हातवारे करता येतात, फळ्यावर चित्रे काढता येतात. छापील मजकुरात ती सोय नाही. म्हणून इथे मी काही घरगुती वस्तूंचा आधार घेणार आहे : आमटीवरचे तेलाचे थेंब, पिशवीची चेन, आणि एक चारपदरी दोर.

सुरुवात मात्र एका वहीपासून करतो. आमच्या घरी वंशावळीची एक जुनी वही आहे. निजामाच्या काळी मराठवाड्यातून हैदराबादेस येऊन काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत स्थायिक झालेल्या बऱ्याच घरांत अशी वही असते, तुमच्याकडेही असेल. आमच्या वहीत आजोबांच्या नावाखाली दोन ठिकाणी नाव नाही. नुसते 'अल्पायुषी' एवढेच लिहिले आहे. लहानपणी एकदा आजीला त्याबद्दल विचारले. ती म्हणाली, "दोन दिवस चांगलं दूध ओढलं. तिसऱ्या दिवशी तोंडच उघडेना. मग अंग ताठ झालं. पाचवी पुजायच्या आतच गेलं."

पुढे जीवशास्त्र शिकताना कळले, की आजीने त्या तीन-चार वाक्यांत नवजात धनुर्वाताचे लक्षण अचूक सांगितले होते. जन्मल्यावर पहिले दोन दिवस नीट दूध पिणारे बाळ तिसऱ्या दिवसानंतर अचानक दूध ओढेनासे होते, त्याचे जबडे मिटतात, शरीर ताठरते आणि जरासा आवाज झाला किंवा उजेड पडला तरी झटके येतात. ही लक्षणे जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान दिसतात. आपल्याकडे सटवाईची पूजा पाचव्या-सहाव्या दिवशी असते. त्या दिवसांतच बाळ सर्वाधिक धोक्यात असते हे आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले असणार, हा आपला माझा तर्क. ज्या विळ्याने नाळ कापली, ज्या राखेने वा शेणाने ती भरली, त्यातूनच रोगजंतूंची बीजे आत जात, हे मात्र कोणाला दिसण्यासारखे नव्हते. त्यात कोणा सुईणीला दोष देण्याचे कारण नाही. ही बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात सर्वत्र असतात आणि साध्या उकळण्यानेही सहज मरत नाहीत.

आता प्रश्न असा, की एक जंतू, तोही नाळेच्या जखमेपाशीच वाढणारा, सगळ्या शरीराच्या स्नायूंना असे कसे आवळून धरतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ पेशीतल्या अत्यंत मूलभूत यंत्रणेपाशी जाऊन पोहोचले. तीच आजच्या लेखाचा विषय आहे.

पेशी म्हणजे नुसती द्रवाने भरलेली पिशवी नव्हे. तिच्यात सतत मालाची ने-आण चालू असते. प्रथिने एका ठिकाणी तयार होतात, दुसऱ्या ठिकाणी त्यांवर प्रक्रिया होते आणि तिसऱ्या ठिकाणी ती पोहोचवली जातात. हा माल मोकळा वाहत नाही. तो इवल्याशा गोल पिशव्यांत बंद करून पाठवला जातो. या पिशव्यांना पुटिका म्हणतात. चेतापेशीच्या टोकाशी असणाऱ्या पुटिकेचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. पुटिकेचे आवरण आणि पेशीचे आवरण, म्हणजे पेशीपटल, ही दोन्ही एकाच प्रकारची असतात : स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम पाच नॅनोमीटर.

पुटिका पेशीच्या कडेला पोहोचली की तिचे आवरण पेशीपटलात मिसळून जायला हवे. तसे झाले की पुटिकेतला माल पेशीच्या बाहेर पडतो. दार उघडून माल बाहेर टाकला असे म्हणा, पण हे दार कायमचे बसवलेले नाही. दर वेळी दोन भिंती एकमेकींत विरघळून ते नव्याने तयार होते. गंमत अशी, की या सगळ्यात पेशीतला ऐवज भलतीकडे सांडत नाही.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? आमटीवर तेलाचे दोन थेंब जवळ आले की आपोआप एक होतात. पण पेशीपटल तेलाच्या थेंबासारखे वागत नाही. त्यातल्या प्रत्येक स्निग्ध रेणूचे एक टोक पाणी धरून ठेवणारे असते. दोन पटले जवळ येऊ लागली की मधला पाण्याचा थर त्यांना दूर ढकलतो. तो थर पिळून बाहेर काढला आणि दोन्ही पटले नॅनोमीटर-दोन नॅनोमीटरवर आणून दाबली, तरच ती एकमेकांत मिसळतात. हे आपोआप होत नाही ही आपल्यावर कृपाच आहे. तसे झाले असते तर पेशीतल्या सगळ्या पुटिका एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा झाला असता. तेव्हा कोणीतरी जोर लावायला हवा, आणि तोही योग्य जागी, योग्य क्षणी.

हा जोर लावणारी प्रथिने म्हणजे स्नेअर. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ फास किंवा सापळा असा होतो. नाव खरे तर आद्याक्षरांपासून बनलेले आहे, पण शोभून दिसते. चेतापेशीच्या टोकाशी अशी तीन प्रथिने असतात. एक पुटिकेवर असते, त्याचे नाव सिनॅप्टोब्रेव्हिन. दोन पेशीपटलाच्या बाजूला असतात : सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. पुटिकेवरच्या प्रथिनाचा एक पदर, सिंटॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५चे दोन, असे चार पदर एकमेकांभोवती पीळ घालून घट्ट दोर वळतात. हा पीळ बसायला सुरुवात होते ती पटलांपासून दूरच्या टोकाकडून, आणि तो सरकत येतो पटलांच्या दिशेने. पिशवीची चेन ओढताना दोन कडा जशा जवळ जवळ येत जातात, तशीच ही दोन पटले ओढली जातात. चेन पूर्ण लागेपर्यंत मधले पाणी पिळून निघालेले असते. आधी दोन्ही पटलांचे समोरासमोरचे थर मिसळतात, मग आतले, आणि मध्ये एक छिद्र पडते. एका पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिनचे सुमारे ७० रेणू असतात, पण प्रयोगांवरून असे दिसते, की पटले मिसळायला अशा दोन-तीन चेनीही पुरतात.

मग चेतापेशीतल्या सगळ्या पुटिका सतत रिकाम्या का होत नाहीत? कारण चेन अर्धवट लागलेल्या अवस्थेत तिथे थांबवून ठेवलेली असते. चेतासंदेश आला की पेशीत कॅल्शियम शिरते. पुटिकेवरचे सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे प्रथिन ते ओळखते, आणि एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात पुटिका रिकामी होते. तुम्ही हे वाक्य वाचत असताना डोळे एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकतात, ते याच्या जोरावर.

आता धनुर्वाताकडे परत येऊ. जंतू जखमेपाशीच राहतो, हवा नसलेल्या खोलगट जागी वाढतो, आणि एक विष सोडतो. हे विष जवळच्या स्नायूतल्या चेतातंतूच्या टोकात शिरते. शिरण्यासाठीही ते पुटिकेसारख्याच पिशवीत बसते, हे विशेष. मग तंतूच्या आतून उलट्या दिशेने प्रवास करत मज्जारज्जूपर्यंत पोहोचते. लांब तंतूंतून यायला जास्त दिवस लागतात, आखूड तंतूंतून कमी; जबड्याचे तंतू आखूड असल्यामुळे दातखीळ आधी बसते आणि हातपाय मागून ताठतात, असे त्याचे स्पष्टीकरण देतात.

मज्जारज्जूत पोहोचल्यावर ते विष ज्या पेशीतून आले तिला सोडून शेजारच्या पेशीत शिरते. या शेजारच्या पेशींचे काम लगाम धरण्याचे असते. आपण कोपर वाकवतो तेव्हा पुढचा स्नायू आवळतो, त्याच वेळी मागच्या स्नायूला 'तू सैल हो' असा निरोप जावा लागतो. तो निरोप या लगामी पेशी पुटिकांतून पाठवतात. धनुर्वाताचे विष म्हणजे एक कात्री आहे. सिनॅप्टोब्रेव्हिन ही ११६ मण्यांची माळ धरली, तर ही कात्री ७६व्या आणि ७७व्या मण्यांच्या मध्ये, बरोबर तिथेच, माळ तोडते. पुटिकेत रुतलेले टोक पुटिकेपाशी राहते आणि पीळ घालायचा भाग सुटून जातो. चेनीची एक कडाच नाहीशी झाल्यावर चेन लागणार कशी? पुटिका दारापाशी येऊन थांबतात, मालाने भरलेल्या, पण त्या रिकाम्या होत नाहीत. 'सैल हो' हा निरोप जातच नाही. शरीरातले सगळे स्नायू एकाच वेळी आवळतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट, म्हणून शरीर धनुष्यासारखे मागे वाकते. आयुर्वेदातला धनुःस्तंभ हा शब्द या दृश्यावरूनच आला आहे.

एकच रासायनिक बंध. बाकी पेशी जिवंत असते, पुटिका धड असतात, कॅल्शियम येते-जाते. त्या कात्रीचा एक रेणू एक माळ तोडून थांबत नाही, एकामागून एक तोडत जातो. म्हणून हे विष इतके जहाल आहे. माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम एवढी मात्रा प्राणघातक मानली जाते. यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते : धनुर्वात होऊन जो वाचला त्यालाही त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती येत नाही. जीव घेऊ शकणारी मात्रा इतकी सूक्ष्म, की शरीराच्या रक्षणयंत्रणेला तिची दखल घेण्याइतके विष दिसतच नाही. तेव्हा बरे झालेल्यालाही लस द्यावी लागते.

नल्लाकुंट्याचा सरकारी फीव्हर हॉस्पिटल आपल्यातली जुनी मंडळी 'कोरंटी दवाखाना' म्हणून ओळखतात. क्वारंटाइन या शब्दाचे आपल्या शहराने केलेले ते रूप. धनुर्वाताच्या रुग्णाला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवण्याची रीत जुनी आहे आणि तिचे कारण आता तुमच्या लक्षात येईल : लगाम सुटलेल्या मज्जासंस्थेला दार वाजल्याचा आवाजही झटका आणायला पुरतो. रुग्णाला विषविरोधी द्रव्य टोचतात, पण ते रक्तातले मोकळे विष पकडते. पेशीत शिरलेल्या कात्रीपर्यंत ते पोहोचत नाही. मग आठवडेच्या आठवडे रुग्णाचा श्वास सांभाळत वाट पाहावी लागते.

हे एका प्रथिनाचे तुटणे १९९२ साली इटलीतल्या पादुआ येथील शियाव्हो आणि माँटेकुको यांच्या गटाने दाखवले, आणि त्यातून मोठाच उलगडा झाला. त्याआधी पुटिका मिसळण्याशी कोणती प्रथिने संबंधित असावीत याविषयी अंदाज होते. इकडे अमेरिकेत रँडी शेकमन यांनी १९७९पासून यीस्टच्या अशा जाती शोधल्या होत्या, ज्यांत माल बाहेर जाणे थांबते. जेम्स रॉथमन यांनी परीक्षानळीत पुटिकांची वाहतूक घडवून तिला लागणारे एनएसएफ नावाचे प्रथिन वेगळे काढले होते. थॉमस सूदॉफ यांनी चेतापेशीतल्या प्रथिनांचा आणि कॅल्शियमच्या भूमिकेचा माग काढला. १९९३ मध्ये रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने गाईच्या मेंदूतून, एनएसएफला चिकटणाऱ्या प्रथिनांचा शोध घेत घेत, हीच तीन प्रथिने बाहेर काढली. विष जे कापते तेच पुटिका मिसळण्याच्या यंत्रणेच्या केंद्रस्थानी आहे, हे दोन वेगळ्या वाटांनी सिद्ध झाले. १९९८ मध्ये नुसत्या स्निग्ध पिशव्यांवर ही प्रथिने बसवून त्या पिशव्या एकमेकींत मिसळतात हे दाखवले गेले आणि त्याच वर्षी चारपदरी दोराची रचनाही क्ष-किरणांनी उलगडली. या तिघांना २०१३ चे नोबेल मिळाले. माझ्या मते त्या यशात धनुर्वाताच्या जंतूचाही थोडा वाटा आहे. यंत्राचा कोणता भाग महत्त्वाचा हे त्याने आपल्या आधी ओळखले होते.

आता त्या एनएसएफविषयी, कारण इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. चेन एकदा लागली, दोर वळला गेला, की तो फार घट्ट असतो. तो तसाच राहिला तर पुढच्या पुटिकेसाठी मोकळे पदर उरणार नाहीत. म्हणून पेशी ऊर्जा खर्च करून तो दोर पुन्हा उलगडते. ते काम एनएसएफचे. म्हणजे जोडण्याच्या वेळी जोर फुकट मिळतो असे वाटते, पण त्याची किंमत नंतर उलगडताना मोजावी लागते. स्प्रिंग आधी दाबून ठेवावी आणि मग ती सुटावी, तसे.

एनएसएफ थांबले तर काय होते, हे एका माशीने दाखवले. ओबेद सिद्दिकी हे नाव तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. होमी भाभांनी त्यांना १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. तिथे त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात सेमूर बेन्झर यांच्याबरोबर काम करताना त्यांनी फळमाशीच्या काही विचित्र जातींचा अभ्यास केला. या माश्या एरवी ठणठणीत असतात. पण तापमान सुमारे ३८ अंशांवर गेले की जागीच कोसळतात. आपल्या हैदराबादच्या मे महिन्यात त्यांची काय गत झाली असती! त्यातली एक जात थंड जागी आणल्यावरही बराच वेळ शुद्धीवर येत नसे, म्हणून तिचे नाव 'कोमॅटोस' पडले. सिद्दिकी-बेन्झर यांचा तो निबंध १९७६ चा. १९९५ मध्ये दुसऱ्या एका गटाने त्या माशीतला दोष शोधून काढला, तेव्हा दिसले की बिघडलेले जनुक एनएसएफचे आहे. गरम झाल्यावर एनएसएफ काम सोडते, उलगडलेले पदर संपतात, वळलेले दोर साठत जातात आणि माशीचे चेतासंदेश बंद पडतात. मुंबईतच के. एस. कृष्णन यांनी अशा अवेळी कोसळणाऱ्या माश्यांवर पुढे अनेक वर्षे काम केले.

त्याच निबंधात आणखी एक माशी होती, 'शिबिरे' नावाची. ही आपली उन्हाळी शिबिरे नव्हेत. जपानीत त्याचा अर्थ सुन्न होणे. तिच्यातला दोष नेमका उलटा : मिसळून गेलेल्या पटलातून नवी पुटिका चिमटून काढता येत नाही. हे चिमटा घेण्याचे काम डायनॅमिन हे प्रथिन करते. पुण्याच्या आयसरमध्ये थॉमस पुकाडिल यांनी प्रयोगशाळेत पटलाच्या बारीक नळ्या तयार करून डायनॅमिन त्या कशा तोडते हे डोळ्यांसमोर दाखवले. हे सांगायचे कारण, की पुकाडिल यांनी पीएच.डी. केली ती आपल्या हबशीगुड्याच्या सीसीएमबीत, अमिताभ चट्टोपाध्याय यांच्याकडे. पुष्प भार्गव यांनी १९७७ मध्ये उभारलेल्या या संस्थेसमोरून उप्पलकडे जाताना आपण कितीदा गेलो असू! पेशीपटलातल्या कोलेस्टेरॉलचे काय काम, हा त्या प्रयोगशाळेचा आवडता विषय. काळ्या आजाराच्या परजीवीला आपल्या पेशीत शिरायला पटलातले कोलेस्टेरॉल लागते, हे चट्टोपाध्याय आणि पुकाडिल यांनी तिथे दाखवले. कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला फक्त रक्ताचा रिपोर्ट आठवतो. पण ते नसते तर पेशीचे पटल धड राहिले नसते.

मधुमेहाविषयी बोलल्याशिवाय हैदराबादेत कोणतेही वैद्यकीय व्याख्यान पूर्ण होत नाही, तेव्हा दोन वाक्ये त्यावर. स्वादुपिंडाच्या एका बीटा पेशीत इन्सुलिनने भरलेल्या सुमारे १०,००० पिशव्या असतात आणि त्या रिकाम्या होतात त्या याच स्नेअर चेनीने. तुमच्यापैकी कोणी ग्लिमेपिराइडची गोळी घेत असेल, तर ती गोळी त्या पेशीत कॅल्शियम शिरेल अशी व्यवस्था करते. पुढची चेन कॅल्शियमच ओढते. क्षयाचा जंतू याच्या बरोबर उलट चाल खेळतो. आपल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळून एका पिशवीत कोंडतात; ती पिशवी पाचकरसाच्या पिशवीत मिसळली की जंतू मरायचा. तो ते मिसळणेच अडवतो आणि आत सुखाने राहतो. हे १९७१ पासून माहीत आहे. क्षयजंतूच्या प्रथिनांची रचना शोधणारे नागपूरचे शेखर मांडे आपल्या शहरातल्या सीडीएफडी संस्थेत दहाएक वर्षे होते, आणि पुढे सीएसआयआरचे महासंचालक झाले.

परत धनुर्वाताकडे येतो, कारण वहीतली ती दोन रिकामी नावे मला अजून सोडत नाहीत. विषावर फॉर्मॅलिनची प्रक्रिया केली की त्याची धार जाते, पण आकार साधारण तसाच राहतो. १९२०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही युक्ती साधली. असे बोथट विष टोचले की शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि खरे विष आले तर ती प्रतिपिंडे त्याला चेतातंतूत शिरण्याआधीच धरतात. गरोदर बाईला टोचले तर तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, आणि बाळ जन्माला येते तेच चिलखत घालून. आपल्या शहरात १९५३ साली स्थापन झालेली बायॉलॉजिकल ई ही कंपनी धनुर्वाताच्या लशीच्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ साली जगभरात ७,८७,००० नवजात बालके धनुर्वाताने दगावली. त्या वर्षी तुमच्या-आमच्या घरी जन्मलेली मुले आज पस्तिशी ओलांडून गेली आहेत. ही गोष्ट पणजीच्या काळातली नाही. २००३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश हे नवजात धनुर्वात हटवल्याचे प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य ठरले, आणि २०१५ मध्ये सबंध भारत. 'हटवला' याचा इथे अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. देवीसारखा हा रोग पृथ्वीवरून नाहीसा होणार नाही, कारण बीजे मातीत आहेत आणि राहणार. शिवाय तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. त्यामुळे शेजाऱ्यांनी सगळ्यांनी लस घेतली म्हणून तुमचे रक्षण होत नाही. गोवराच्या बाबतीत होते, इथे नाही.

व्याख्यानानंतर तीन प्रश्न आले, ते इथे देतो.

एका तरुणाने विचारले, की पुटिकांऐवजी दोन पूर्ण पेशी एकमेकींत मिसळतात का? मिसळतात. स्त्रीबीज आणि शुक्रपेशी मिसळल्याखेरीज आपण कोणीच इथे नसतो. पण तिथे स्नेअर नसतात. वेगळी प्रथिने असतात. याचा एक दाखला बेगमपेठेत आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या जठरावर मलेरियाच्या परजीवीच्या गाठी पाहिल्या. त्या गाठी बनण्याआधी डासाच्या पोटात परजीवीच्या नर-मादी पेशी मिसळाव्या लागतात, आणि त्यासाठी हॅप-२ नावाचे प्रथिन लागते, हे २००८ मध्ये कळले. त्याची घडण पाहिली तेव्हा ती डेंग्यूसारख्या विषाणूंच्या प्रथिनाशी जुळली. विषाणूही आपल्या पेशीत असाच मिसळून शिरतो.

दुसरा प्रश्न बोटॉक्सचा होता, आणि तो विचारताना सभागृहात हशा पिकला. बोटुलिनम हे धनुर्वाताच्या विषाचे सख्खे भावंड. त्याच्या बी प्रकाराची कात्री सिनॅप्टोब्रेव्हिनला त्याच ७६-७७ मण्यांत तोडते. बोटॉक्समधला ए प्रकार स्नॅप-२५च्या टोकाचे नऊ मणी छाटतो. पण ही विषे मज्जारज्जूपर्यंत न जाता स्नायूजवळच थांबतात, त्यामुळे 'आवळ' हा निरोप बंद होतो आणि स्नायू लुळा पडतो. तोच बंध तुटला, पण जागा बदलली म्हणून एकीकडे धनुष्य आणि दुसरीकडे लुळेपणा. सुरकुत्या जातात त्या यामुळे. लिहिताना ज्यांची बोटे आवळतात, मान ज्यांची वाकडी राहते, त्यांनाही याचा उपयोग होतो, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो.

तिसरा प्रश्न पहिल्या रांगेतल्या एका आजींचा. म्हणाल्या, "धाकट्याच्या वेळी गरोदर असताना टोचलं होतं, त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. बागेत माती उकरते मी रोज. खिळा गंजलेला नसला तर चालतं ना?" मी म्हटले, गंजाचा काही संबंध नाही, आजी, खिळ्यावरची माती आणि जखमेची खोली, ते पाहायचे. गुलाबाचा काटाही पुरतो. मोठ्या माणसांनी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी असे डॉक्टर सांगतात. आता टीटीच्या जागी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पाचीही लस असते. पुढच्या महिन्यात त्या वाचनालयात भेटल्या. दंड दोन दिवस दुखला म्हणाल्या, आणि घरातल्या इतर तिघांनाही सोबत नेले होते.